जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ करायचा आहे: कोणत्या संगीतप्रकाराकडून काय घ्यावे?

माजघर · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही पुण्यातले चौघे जण गेली दोन वर्षे दर शनिवारी संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका खोलीत जमून गातो आणि वाजवतो. माझी आत्या सासवडजवळच्या एका गावात राहते. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ आहेत. काही तिच्या आईच्या, काही सासूच्या, आणि काही कुणाकडून आल्या हे तिलाही आता सांगता येत नाही. त्यांतल्या सहा ओव्या घेऊन आम्ही चार मिनिटे वीस सेकंदांचे एक गाणे बांधले आहे. आवाज आत्याचाच आहे, खाली सिंथेसायझर आणि बेस गिटार आहे, शेवटच्या दोन ओव्यांना संबळ आहे. ध्वनिमुद्रण पूर्ण झाले असून आता त्याचा व्हिडिओ करायचा आहे. हाताशी साठ हजार रुपये, एक उसना कॅमेरा आणि दोन दिवस आहेत.

अडचण अशी की, गेले तीन आठवडे आम्ही रोज रात्री निरनिराळ्या प्रकारांतले व्हिडिओ पाहत आहोत आणि दर दिवशी आमचे मत बदलते. हिपहॉप पाहिले की वाटते, गावातल्या सगळ्यांना आत्याच्या मागे उभे करावे. कोक स्टुडिओ पाहिला की वाटते, एका खोलीत सगळी वाद्ये मांडून सरळ गाणेच दाखवावे. इलेक्ट्रॉनिक संगीताचे व्हिडिओ पाहिले की माणूसच नको असे वाटू लागते. माझी वही आता ‘हे छान आहे’ अशा नोंदींनी भरली आहे आणि त्यांतली एकही नोंद दुसरीशेजारी ठेवता येत नाही. वेगवेगळ्या प्रकारांची तुलना नेमकी कशाच्या आधारावर करावी, म्हणजे आपल्या कामाचे काही हाती लागेल?

हजेरी · शनिवार, रात्री ९:५२

आत्याबाईंना विचारलेत का?

कट_टू · शनिवार, रात्री ११:१५

संकलन हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या वहीतल्या नोंदी बहुधा रंग, धूर, कपडे, भिंग यांच्याबद्दल असणार. या गोष्टी त्या संगीतप्रकाराच्या फारशा नसतातच. त्या त्या वर्षाच्या असतात. एका वर्षी सगळीकडे निळा-नारिंगी रंग येतो, दुसऱ्या वर्षी जुन्या फिल्मसारखे कण येतात, आणि रॅपपासून भावगीतापर्यंत सगळे त्यात न्हाऊन निघतात. अशा गोष्टींची तुलना करून फक्त फॅशन कळते.

माझी पद्धत अशी आहे. व्हिडिओचे कोणतेही एक मिनिट आवाज पूर्ण बंद करून पाहावे आणि दृश्य बदलले की कागदावर एक रेघ ओढावी. मग तेच मिनिट आवाजासह पाहून प्रत्येक रेघेपुढे लिहावे की बदल ठोक्यावर झाला, शब्दावर झाला, गाणाऱ्याच्या श्वासावर झाला, की कशाशीच संबंध नसताना झाला. तिसऱ्यांदा पाहताना एवढेच शोधावे की कॅमेरा कोणती गोष्ट काही केल्या नजरेआड होऊ देत नाही.

उदाहरणार्थ, बियॉन्सेचा २००८ सालचा ‘सिंगल लेडीज’ घ्या. कृष्णधवल चित्रण, तीन नर्तकी, मागे जवळजवळ काहीच नाही. गरिबी म्हणून नव्हे, तर पायांची हालचाल डोक्यापासून टाचेपर्यंत सलग दिसली पाहिजे म्हणून बाकी सगळे काढून टाकलेले आहे. तिथे पाय चौकटीबाहेर गेले तर गाण्याचा ठेकाच गेला. याउलट शिनेड ओ’कॉनरच्या १९९० सालच्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ या व्हिडिओचा बहुतेक भाग म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरचा तिचा चेहरा. तिथे शरीर महत्त्वाचे नाही, शब्द उच्चारताना चेहऱ्यावर काय होते ते महत्त्वाचे आहे. दोन्ही व्हिडिओंत सामान कमीच आहे, परंतु कॅमेऱ्याने राखलेली गोष्ट अगदी वेगळी आहे.

तुमच्या गाण्यात कॅमेऱ्याने काय राखायचे हे तुम्हीच ठरवा. ते ठरेपर्यंत पाहिलेले सगळे व्हिडिओ सारखेच आवडत राहतील.

जुनी_कॅसेट · रविवार, सकाळी ७:३०

कट_टू यांची पद्धत चांगली आहे, परंतु तिच्यात एक प्रकार बसत नाही, तो म्हणजे गोष्ट सांगणारा व्हिडिओ. आमच्या पिढीने गाण्याचे व्हिडिओ पहिल्यांदा पाहिले ते नव्वदच्या दशकातल्या इंडीपॉपमध्ये. १९९५ साली आलेल्या ‘मेड इन इंडिया’मध्ये स्वयंवर मांडलेली राजकन्या होती आणि शेवटी पेटाऱ्यातून मिलिंद सोमण बाहेर येत असे. लकी अलीचे ‘ओ सनम’ १९९६ सालचे. ते इजिप्तमध्ये चित्रित केलेले होते. या व्हिडिओंत ठोक्यावर काय कापले आहे हे मोजून काहीही हाती लागणार नाही, कारण लोक पुढे काय होते ते पाहत होते.

त्याच काळातले दलेर मेहंदीचे ‘तुनक तुनक तुन’ हे १९९८ सालचे. त्याचे व्हिडिओ सुंदर मुलींमुळे चालतात अशी टीका होत असे, तेव्हा त्याने मुली काढून टाकल्या आणि चार रंगांच्या पोशाखांतले चार दलेर संगणकावर रचलेल्या डोंगरदऱ्यांत नाचवले. व्हिडिओ उधळा आहे, पण त्यामागचा विचार नेटका आहे. उणीव दाखवली गेली तीच बाजू त्याने चौपट केली.

माझी सूचना अशी की ओव्यांमध्ये आधीच गोष्ट असते: माहेर, भाऊ, सासर. तीच दाखवावी.

मंद्रसप्तक · रविवार, सकाळी १०:०५

जुनी_कॅसेट यांच्याशी मी सहमत नाही. ओवीत भाऊ आला म्हणून पडद्यावर भाऊ आणला, तर ओवीने जे ऐकणाऱ्यावर सोपवलेले असते ते आपण काढून घेतो. शब्दाला चित्र जोडण्याची ही सवय भावगीतांच्या व्हिडिओंनी लावली. ‘चंद्र’ म्हटले की चंद्र, ‘नदी’ म्हटले की नदी, आणि ‘मन’ म्हटले की गच्चीत उभी असलेली मुलगी.

मी शास्त्रीय संगीताच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे व्हिडिओ म्हणजे बहुधा मैफलीचे चित्रण, आणि त्यातली दुरवस्था नेहमीची आहे. गायक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणार हे ज्याला कळत नाही असा कॅमेरावाला नेमका त्या आधीच्या दोन मात्रांना तबलजीकडे वळतो, आणि सम येते तेव्हा गायकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. मग चूक भरून काढण्यासाठी तो घाईने गायकाकडे परत येतो, तेव्हा गायक पाणी पीत असतो. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता हसूही येत नाही.

याउलट दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८८ रोजी पहिल्यांदा दाखवलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आठवा. आपल्या पुण्याचे भीमसेन जोशी धबधब्यापाशी उभे राहून सुरुवात करतात. पुढे ती फिल्म साऱ्या देशभर धावते, पण पहिल्या सुराला तिने घाई केलेली नाही. तो सूर स्थिर होईपर्यंत आपणही तिथेच असतो. ओवीला हा संयम मानवेल. एकच विनंती आहे: ठोक्याठोक्याला दृश्य बदलू नका.

लोकलवाला · रविवार, दुपारी १:२०

ठोक्याठोक्याला दृश्य बदलण्याचा सर्वांत सुंदर व्हिडिओ न कापताही करता येतो. केमिकल ब्रदर्सचा ‘स्टार गिटार’, २००२, दिग्दर्शक मिशेल गाँद्री. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे दृश्य आहे, एवढेच. परंतु प्रत्येक खांब, प्रत्येक इमारत, समोरून जाणारी प्रत्येक गाडी ही संगीतातल्या एकेका आवाजाबरोबर येते. पाहणाऱ्याला हे कळायला अर्धे मिनिट लागते आणि कळल्यावर डोळे हलत नाहीत.

ही कल्पना पुणे-लोणावळा लोकलमध्ये करून पाहण्याचा आम्ही एकदा प्रयत्न केला होता. खिडकीजवळची जागा तळेगावपर्यंत मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा शेजारच्या काकांनी ऊन येते म्हणून खिडकी लावून घेतली.

नाव_घेत_नाही · रविवार, रात्री ८:४५

प्रेरणा आणि नक्कल यांतला फरक मी पैसे मोजून शिकलो, म्हणून लिहितो. आमच्या रॉक बँडच्या गाण्याचा व्हिडिओ आम्ही एका संचाकडून करून घेतला; त्यांचे नाव घेत नाही. त्यांनी सुरुवातीला तीस छायाचित्रांचा एक फलक दाखवला, अंधाऱ्या बोगद्यातला प्रकाश, पाण्यात उभा असलेला ड्रमवादक वगैरे. आम्ही हुरळून गेलो. व्हिडिओ तयार झाला, आम्ही तो चढवला, आणि तिसऱ्याच दिवशी कुणीतरी खाली एका परदेशी व्हिडिओचा दुवा दिला. चौकट, रंग, पाण्याची पातळीसुद्धा तीच होती. गंमत म्हणजे त्या मूळ गाण्याचे बोल पुराबद्दल होते, म्हणून तिथे पाणी होते. आमचे गाणे पुण्यातल्या भाड्याच्या खोल्यांबद्दल होते. आमचा ड्रमवादक गुडघाभर पाण्यात का उभा आहे, या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हते.

तेव्हापासून फलकावरच्या प्रत्येक चित्राखाली ‘हे तिथे का आहे’ हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. कारण लिहिता आले नाही तर ते चित्र काढून टाकावे.

खडीसाखर · रविवार, रात्री १०:३०

हिपहॉपबद्दल धागाकर्तीने फक्त ‘लोकांना मागे उभे करावे’ एवढेच लिहिले आहे, म्हणून थोडी भर घालते. रॅपच्या व्हिडिओंत मागे उभी असलेली माणसे सजावटीसाठी नसतात. मी इथली आहे आणि माझ्या बोलण्याला ही माणसे साक्षीदार आहेत, असा त्याचा अर्थ असतो. मुंबईच्या नेझी या रॅपरने २०१४ साली ‘आफत’चे चित्रण आयपॅडवर केले होते. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचे ‘मेरे गली में’ आले. दोन्हींत गल्ली हीच मुख्य गोष्ट आहे आणि कॅमेरा महाग असता तरी तिच्यात काही भर पडली नसती.

त्याच प्रकाराचे दुसरे टोकही आहे. मिसी एलियटच्या १९९७ सालच्या ‘द रेन’मध्ये दिग्दर्शक हाइप विल्यम्सने फिश-आय भिंग वापरले आणि तिला हवा भरलेला फुगीर काळा पोशाख घातला. तिथे गल्ली नाही, पण हेतू तोच आहे: गाणारी व्यक्ती चौकटीत मावत नाही असे वाटले पाहिजे. चाइल्डिश गॅम्बिनोच्या २०१८ सालच्या ‘धिस इज अमेरिका’मध्ये पुढे नाच चालतो आणि मागे हिंसा. आपण नाचाकडे पाहत राहतो आणि मागचे हुकते, हेच त्यात सांगायचे आहे. तेव्हा एका संगीतप्रकाराची एकच शैली असते, हे गृहीतकच मला पटत नाही.

तुमच्यासाठी सूचना: आत्यांच्या वाडीतल्या बायका मागे हव्यातच. ओव्या एकटीच्या नाहीत.

मंद्रसप्तक · रविवार, रात्री ११:१०

खडीसाखर, बाकी सर्व मान्य आहे, परंतु जाते पहाटे फिरते, घर निजलेले असताना. बाईला मनातले बोलायला मिळणारी तीच एक वेळ. तिच्यामागे वीस जणी छातीवर हात बांधून उभ्या केल्या तर ते चित्र दिसायला जोरकस होईल, पण ओवीचे राहणार नाही.

खडीसाखर · रविवार, रात्री ११:३५

घर निजलेले असते हे खरे, पण जात्यावर पुष्कळदा दोघी समोरासमोर बसतात आणि खुंट्याला दोघींचे हात असतात. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने तिला जोडायची. माझ्या आजीला तिच्या जावेशी दिवसभर अबोला धरूनही पहाटे तिच्यासमोर बसून दळावे लागे, आणि म्हणे भांडणाचा निम्मा मजकूर ओव्यांतूनच चाले. वीस बायका मी मागे घेते. दुसरी एक तरी असू द्या.

जुना_माळा · सोमवार, सकाळी ८:१५

या धाग्यावर आतापर्यंत आत्याबाईंच्या प्रकारातले व्हिडिओ कुणीच सुचवलेले नाहीत, याचे आश्चर्य वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातूनच हे काम उभे केले आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. आज ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर तो प्रकल्प चालतो आणि गाणाऱ्या बायकांचे व्हिडिओही तिथे आहेत.

ते व्हिडिओ साधे आहेत. बाई अंगणात किंवा घरात बसते, गाते, मध्येच शब्द विसरते, शेजारची आठवण करून देते, दोघी हसतात. तुमच्या संचाला त्यात शैली दिसणार नाही कदाचित. मला मात्र त्यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. पुष्कळ जणींना जाते समोर नसताना ओवी नीट आठवत नाही. हात फिरू लागला की ओळ येते. हा धागा ‘प्रेरणे’चा असेल तर प्रेरणा तिथे आहे.

माजघर · सोमवार, रात्री ९:२०

सर्वांचे मनापासून आभार. कट_टू यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही काल चौघांनी मिळून नऊ व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले आणि रेघा ओढल्या. त्यांतल्या सात व्हिडिओंत आमचे नेहमीचे ‘छान आहे’ पहिल्या वीस सेकंदांतच गळून पडले. एकात तर एकही दृश्य कशाशीच जुळून बदलत नव्हते आणि आवाजासह पाहताना ते आम्हाला कधी खटकले नव्हते.

आमच्या गाण्यात राखण्यासारखी गोष्ट म्हणजे जात्याचा फेरा, असे आमचे एकमत झाले. गाण्याची लय मिनिटाला ८४ ठोके आहे आणि दोन ठोक्यांना एक फेरा धरला, तर मिनिटाला ४२ फेरे होतात. म्हणजे पूर्ण गाण्यात १८२. आता तांत्रिक प्रश्न. आत्या गाते आहे आणि जाते संथ फिरते आहे, असे मंदगतीचे चित्रण हवे असेल तर ओठ आणि आवाज कसे जुळवावेत?

पन्नास_हर्ट्झ · सोमवार, रात्री १०:५०

याची जुनी युक्ती आहे. चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, गाणाऱ्याने त्या वेगाने ओठ हलवायचे, सेकंदाला ५० चौकटी (म्हणजे ५० स्थिर चित्रे) घ्यायच्या आणि दाखवताना २५ ने दाखवायच्या. ओठ गाण्याशी जुळतात आणि बाकी सगळे पाण्याखाली असल्यासारखे संथ होते. द पोलिस या बँडच्या १९८३ सालच्या ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’मध्ये मेणबत्त्यांच्या मधून गाणारा स्टिंग असाच घेतलेला आहे. कोल्डप्लेच्या २००२ सालच्या ‘द सायंटिस्ट’मध्ये तर सगळे उलटे चालते, त्यासाठी गायकाने गाणे उलटे म्हणायला पाठ केले होते.

पण तुमचे गणित तुम्हीच मांडले आहे. गाणे दुप्पट वेगाने लावले तर आत्याबाईंना मिनिटाला ८४ फेरे घालावे लागतील. त्या जात्यावर बसल्या आहेत, गिरणीत नाही. तेव्हा मंदगती हवीच असेल तर ती पिठाच्या धारेपुरती, हातापुरती ठेवा, जिथे ओठ दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट, कारण ही चूक प्रत्येक जण करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. कॅमेरा २५ चौकटींवर ठेवा आणि शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीला उजेड घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. ५० चौकटी घेताना १/१०० ठेवा. मोबाइल आणि उसने कॅमेरे बहुधा ३० चौकटी आणि १/६० वर लावलेले असतात, आणि मग भिंतीवरून काळे पट्टे सरकत राहतात. ते नंतर काढणे फार त्रासाचे काम आहे. माजघरात जुना पिवळा तारेचा बल्ब असेल तर तोच वापरा. त्याची तार तापलेली राहत असल्यामुळे लुकलुक जवळजवळ दिसत नाही.

रेघोट्या · मंगळवार, सकाळी ११:००

माणूसच नको असे वाटत असेल तर चित्रे काढण्याचा पर्याय आहे. आ-हा या बँडच्या १९८५ सालच्या ‘टेक ऑन मी’मध्ये चित्रित केलेल्या चौकटींवरून पेन्सिलीने चित्रे काढली गेली. सुमारे तीन हजार चौकटी आणि सोळा आठवडे. तुमचे गाणे २६० सेकंदांचे. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी ३,१२० चित्रे होतात. दोन दिवसांत होणार नाहीत, पण एखाद्या ओवीपुरती काढता येतील.

नाव_घेत_नाही · मंगळवार, सकाळी ११:२५

रेघोट्या, ‘हे तिथे का आहे’?

रेघोट्या · मंगळवार, सकाळी ११:४०

मला चित्रे काढता येतात म्हणून. मान्य आहे, काढून टाकते.

ड्रोनाचार्य · मंगळवार, दुपारी ३:१०

पुरंदरचा किल्ला मागे ठेवून वरून एक दृश्य घ्या, व्हिडिओला भव्यता येईल. माझ्याकडे ड्रोन आहे.

कट_टू · मंगळवार, दुपारी ३:४०

जाते माजघरात आहे. ड्रोन कौलांवरून परत येईल. शिवाय परवानगीची भानगड वेगळीच.

टाकीचे_घाव · मंगळवार, रात्री ८:००

सगळी चर्चा वाचली. चौकटी, शटर, लय हे सर्व ठीक आहे, पण ते जाते चालू आहे का? आमच्या घरात पाटे-वरवंटे आणि जात्यांना टाकी लावण्याचे, म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करण्याचे, काम तीन पिढ्या होते. पुष्कळ घरांत जाते आता कोपऱ्यात उभे केलेले असते, नाहीतर बागेत त्याच्यावर कुंडी ठेवलेली असते. टाकी न लावलेल्या जात्याच्या दोन्ही तळ्या गुळगुळीत होतात. वरची पाळू (वरचा दगड) नुसती घसरते, दाणा फुटत नाही आणि पीठ पडत नाही. आवाजही बदलतो, चांगल्या जात्याची घरघर भरीव असते, गुळगुळीत जाते नुसते खरडते. दुसरे म्हणजे मधला खुंट ढिला झाला असेल तर पाळू एका बाजूला झुकते आणि पीठ एकाच अंगाने सांडते. कॅमेऱ्याला ते लगेच दिसेल, आणि ज्या बायकांनी दळले आहे त्यांना तर नक्कीच दिसेल.

माजघर · गुरुवार, रात्री १०:१५

हजेरी यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला पाच दिवस लागले, याबद्दल क्षमस्व. काल आम्ही गावी गेलो होतो. आत्याला पूर्ण झालेले गाणे पहिल्यांदा ऐकवले. तिचा आवाज आम्ही तिच्या घरी मोबाइलवर लावलेल्या ठोक्याबरोबर घेतला होता. वाद्ये नंतर पुण्यात चढवली.

तिने दोनदा ऐकले. आवाज चांगला आलाय म्हणाली, संबळ आवडले. मग जात्याशी बसल्यासारखा हात फिरवत तिने तिसऱ्यांदा ऐकले आणि मध्येच थांबून म्हणाली, “यात घास घालायला जागाच ठेवली नाही तुम्ही.” आम्हाला समजेना. मग तिने समजावले. दर काही फेऱ्यांनंतर डाव्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात घालावे लागतात. तेवढा वेळ हात किंचित मंदावतो आणि ओवीची ओळ तिथे जरा लांबते किंवा तुटते. आमचा ठोका तसाच चालू राहिल्यामुळे तिने गाताना ती जागा गिळून टाकली होती. आम्ही १८२ फेरे मोजले, पण दाणे कुठून येणार याचा विचारच केला नव्हता.

आता काय करावे? गाणे पुन्हा मुद्रित करायला पैसे नाहीत.

मंद्रसप्तक · गुरुवार, रात्री १०:४०

पुन्हा मुद्रित करू नका. दोन ओव्यांच्या मधला वाद्यांचा भाग थोडा लांबवून ती जागा देता येईल. तिथे ठोका काढून घ्या, फक्त सिंथेसायझरचा एक लांब स्वर राहू द्या. आत्याबाईंचा आवाज तिथे नाहीच, त्यामुळे त्याला हात लावावा लागणार नाही.

कट_टू · गुरुवार, रात्री ११:३०

मंद्रसप्तक यांच्या उत्तरात माझेही उत्तर आहे. तुमच्याकडे सहा ओव्या आहेत आणि त्यांच्यामध्ये पाच जागा. मग व्हिडिओत दृश्य बदलायचे ते फक्त त्या पाच ठिकाणी, मूठ जात्याच्या तोंडात रिकामी होते तेव्हा. ना ठोक्यावर, ना शब्दावर. साडेचार मिनिटांत पाच वेळा. मी एवढा लांब शॉट आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाला विकू शकलेलो नाही, त्यामुळे मला थोडा हेवा वाटतो आहे.

एक करता येईल. मंद्रसप्तक यांनी पहाटेचा उल्लेख केला होता. आत्याबाईंच्या माजघराला पूर्वेकडून उजेड येत असेल तर पहिली ओवी बल्बच्या उजेडात घ्या आणि प्रत्येक पुढची ओवी दहा-दहा मिनिटांनी, कॅमेरा न हलवता. सहाव्या ओवीपर्यंत दिवस उगवलेला असेल आणि जात्याभोवती पिठाचे कडे मोठे झालेले असेल. क्रम चुकवायचा नाही, कारण पीठ परत आत घालता येत नाही. दिवसाला एकच संधी मिळेल, आणि तुमच्याकडे दोन दिवस आहेत.

पन्नास_हर्ट्झ · शुक्रवार, सकाळी ७:०५

कॅमेरा किती उजेड घेतो ते आणि पांढऱ्या रंगाचा समतोल (व्हाइट बॅलन्स) दोन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करा. ‘ऑटो’वर ठेवलेत तर उजाडते आहे हे कॅमेरा स्वतःच झाकून टाकेल आणि सहाही ओव्या सारख्याच दिसतील.

खडीसाखर · शुक्रवार, सकाळी ९:३०

आणि समोरची दुसरी बाई?

माजघर · शुक्रवार, रात्री ९:००

आत्याची जाऊ बसणार आहे. आत्याने स्वतःच सांगितले की एकटीने सहा ओव्यांचे दळण आता तिच्या खांद्याला झेपणार नाही. दोघींपैकी कुणीही ओठ हलवण्याचा अभिनय करणार नाही. गाणे खोलीत लावायचे आणि वाटले तर त्यांनी त्याबरोबर गायचे, असे ठरले. चेहरे अर्धेअधिक खाली वळलेले असतील, कारण दोघींचे लक्ष जात्याच्या तोंडाकडे असते.

टाकीचे_घाव, तुमचा अंदाज खरा निघाला. जाते गुळगुळीत झालेले आहे आणि मधला खुंटही बदलावा लागणार आहे. शेजारच्या गावातून एक गृहस्थ पुढच्या बुधवारी टाकी लावायला येतील. गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे चित्रण करण्याचा विचार आहे.

टाकीचे_घाव · शुक्रवार, रात्री ९:४०

बुधवारी टाकी लावली तर गुरुवारी चित्रण धरू नका. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातून पहिल्या दळणात दगडाची कच येते. आधी कोंडा किंवा किडके धान्य दळून टाकून द्यावे लागते आणि मग जाते पुसून घ्यावे लागते. गुरुवारी पहाटे तेच करा आणि कॅमेरा लावून फक्त उजेड किती वाजता कुठपर्यंत येतो ते लिहून ठेवा. चित्रण शुक्रवारी आणि शनिवारी. बाजरी घेतलीत तर पीठ करडे दिसेल. पांढरे हवे असेल तर ज्वारी घ्या.

माजघर · शुक्रवार, रात्री ९:५५

ज्वारीच. आत्याने दोन पायल्या निवडून ठेवल्या आहेत.